आधी डॉक्युमेंटेशन उघड, मग कोड

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा पॅच, म्हणजे कुणीतरी सुचवलेला बदल, रिव्ह्यूला घ्यायचाय, पण सी कोड बघितला की धीर सुटतो, असं लिहिलंयस. मग सी फाइल आधी उघडूच नकोस. पॅचमधला डॉक्युमेंटेशनचा भाग वाच. वापरणाऱ्याला दिलेला शब्द तिथं असतो, आणि कोड तो पाळतो का हेच तुला तपासायचंय.

१७व्या आवृत्तीत, फाइलीतला डेटा टेबलात भरणाऱ्या ‘कॉपी’ कमांडला आलेला ‘ऑन एरर इग्नोर’ हा पर्याय बघ. समज, आपल्याकडच्या दूध संस्थेतला ऑपरेटर संकलनाची सीएसव्ही फाइल भरतोय आणि फॅटच्या रकान्यात एके ठिकाणी आकड्याऐवजी नुसती रेघ पडलीय. ती ओळ वगळली जाते, बाकीच्या भरतात, शेवटी किती ओळी गाळल्या त्याची नोटीस येते. झकास! पण एका सभासदाची नोंद दुबार आली आणि टेबलावर युनिकचं, म्हणजे तीच नोंद दोनदा न चालण्याचं, बंधन असलं, तर? कमांड तिथंच पडते, एकही ओळ आत जात नाही. कारण ही सवलत फक्त फाइलीतलं मूल्य रकान्याच्या डेटाटाइपमध्ये (आकडा, तारीख अशा प्रकारात) बदलताना होणाऱ्या चुकांपुरती आहे. मॅन्युअल हे स्पष्ट सांगतं. ते वाक्य नसतं, तर कोड बिनचूक असूनही ऑपरेटर अडकला असता. रिव्ह्यूत असं वाक्य मागून घेणं हे मला कोडमधला बग पकडण्याइतकंच मोलाचं वाटतं.

म्हणून प्रत्येक वाक्य पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघ. जे लिहिलेलं नाही तेही विचार: डीफॉल्ट काय, लॉक कुठला लागतो, परवानगी कुणाला? एक पर्याय समजावायला चार अपवाद लिहावे लागत असतील, तर भाषा सुधारत बसू नकोस. डिझाइनबद्दलच विचार, बिनधास्त.

आणखी एक. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश एच दिल्यावर कमांडची जी रचना दिसते, ती बिल्ड होताना डॉक्युमेंटेशनच्या याच एसजीएमएल फाइलींतून तयार होते. तिथं नवा पर्याय राहून गेला, तर तो मदतीतही दिसणार नाही. नवीन सेटिंग असेल तर नमुन्याच्या कॉन्फ (सेटिंगांच्या) फाइलीतही त्याची ओळ आहे का, ते बघ.

पॅच निवडलास की त्यातली वाक्यं आणि प्रत्येकापुढं तू काय चालवून बघितलंस, ते मला पाठव. सी कोड त्यानंतर दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका