खुबा बदलायचाय: दुखेल किती, चालाल कधी?

महिनाभरावर ऑपरेशन आलंय, आणि दुखेल किती, चालायला कधी लागेन, हे तुम्ही विचारलंय. माझे दोन्ही खुबे बदलून झालेत, म्हणून लिहितो. तुमच्या सर्जनने वेगळं काही सांगितलं तर त्यांचंच ऐका.

चालाल बहुधा त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. वॉकर धरून चार पावलंच, पण स्वतःच्या पायावर. जांघेतली ती जुनी, खोल ठणक गेल्याचं बहुतेकांना तेव्हाच जाणवतं. उरतं ते जखमेचं आणि स्नायूंचं दुखणं. ते कमी नसतं, पण दिवसागणिक ओसरतं. सुरुवातीला गोळ्या ठरल्या वेळेलाच घ्या, कळ उठायची वाट बघू नका. त्यातल्या कडक गोळ्यांनी पोट साफ होत नाही. त्याचं औषध घरी निघतानाच मागून घ्या.

माणसं गाफील होतात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दुखणं उतरलेलं असतं, आपण बरे झालो असं वाटतं आणि खाली पडलेली किल्ली उचलायला माणूस पटकन वाकतो. सांध्याभोवतीचं आवरण आणि स्नायू तोवर भरून आलेले नसतात, त्यामुळे खुबा निखळायचा धोका पहिल्या तीन महिन्यांत जास्त. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर सहसा सांगतात, की खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, पाऊल आत वळवू नका. पुढून केलं तर नियम वेगळे असतात. तेव्हा कुठून करणार, हे आधीच विचारून ठेवा.

बसायचं कसं, हे फिजिओ शिकवतील, पण सराव आत्ताच करा. खुर्ची हातांची आणि गुडघ्यापेक्षा उंच हवी. पोटऱ्यांना खुर्चीची कड लागेपर्यंत मागे जायचं, ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा, हात मागे नेऊन खुर्चीचे हात धरायचे आणि मग टेकायचं. कमोडलाही उंची वाढवणारी सीट लागते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी मात्र दुसऱ्या बाजूच्या हातात. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण खुब्यावरचा भार त्यानेच हलका होतो.

एक पाय लांब झाल्यासारखा वाटला तर लगेच घाबरू नका. आखडलेले स्नायू सैल व्हायला आणि कंबर सरळ व्हायला वेळ लागतो, बहुतेकांचं ते काही आठवड्यांत-महिन्यांत जातं. लंगडणंही व्यायामानेच सुटतं, आणि नेमका तोच लोक कंटाळून सोडतात.

संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचं. पण पोटरी दुखून ताठ झाली, जखमेतून पाणी यायला लागलं किंवा पाय अचानक आखूड होऊन वळला, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

सांधा टिकतो किती? २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २५ वर्षं टिकणाऱ्या सांध्यांचं प्रमाण साधारण ५८ टक्के निघालं. त्याची चिंता आत्ता नको. दाताचं काही काम राहिलं असेल तर मात्र ते ऑपरेशनआधीच उरकून घ्या, तोंडातला जंतुसंसर्ग रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो.