फॉर्मात बापाचं नाव काय लिहू?

अ‍ॅडमिशनच्या सीझनला गोव्यातल्या वास्कोत धंद्यातल्या आया मला हमखास हाच प्रश्न विचारतात. बायण्यातल्या, म्हणजे इथल्या वेश्यावस्तीतल्या, खोल्या 2004 च्या जूनमध्ये पाडल्या, तेव्हापासून धंदा लॉजवर, फ्लॅटवर, फोनवर पांगला, त्यामुळे आता बायका आम्हा कार्यकर्त्यांनाच शोधाव्या लागतात, पण ही निपाणीकडची बाई आपणहून आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं पहिलीचा फॉर्म काढला. वडिलांच्या नावाच्या जागी पेन्सिलीनं लिहून लिहून खोडलेलं, कागद पार पातळ झालेला. आधी भावाचं नाव लिहिलं होतं म्हणे, मग लग्न करतो म्हणालेल्या एका गिऱ्हाइकाचं, मग नुसतंच ‘मयत’.

मी म्हटलं, खोटं नाव अजिबात नको, एकदा शाळेच्या रजिस्टरला चढलं की दाखल्यावर, पासपोर्टवर मागे लागतं आणि बदलायला जीव जातो. सरळ आईचं नाव लिही, बापाच्या जागी रेघ मार. जन्मदाखला काढलाच नव्हता, तर लग्न न झालेल्या आईचं अ‍ॅफिडेविट त्याला पुरतं, सुप्रीम कोर्टानं 2015 लाच सांगितलंय, आणि वयाचा दाखला नाही म्हणून शाळा अ‍ॅडमिशन नाकारू शकत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे ते. मी आपली जोरात सांगत सुटले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, शाळेचं झालं. ह्याला काय सांगू?"

हा म्हणजे टेबलाखाली शार्पनरशी खेळत बसलेला पोरगा.

त्याला सांगितलेलं, बाबा शिपवर आहे. वास्कोत हे खपतं, कितीतरी पोरांचे बाप खरंच शिपवर असतात, कोण खोदून विचारत नाही. पण त्या पोरांचे बाप चॉकलेटं घेऊन परत येतात ना! हा मात्र संध्याकाळी बायण्याच्या किनाऱ्यावर उभा राहून बंदराकडच्या बोटी मोजायचा, आपली कुठली विचारायचा.

खरं सांगितलं तर पोर मोडेल, ही भीती सगळ्यांनाच असते. माझा अनुभव उलटा आहे, पोरं वाट बघून जास्त थकतात, आणि पुढे शेजारच्यांकडून कळलं की आईवरचाच भरवसा जातो. सहा वर्षांच्या पोराला धंद्याचं सांगायची काही गरज नाही (ते विचारेल तेव्हा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं), एवढंच पुरे की बाबा आपल्यासोबत राहत नाही, येणार नाही, तुझं काही चुकलं म्हणून नाही, आणि मी आहे. आम्ही प्रॅक्टिस केली. ‘येणार नाही’ तिच्या तोंडातून निघेना, तीनदा पाणी प्यायली.

दोन आठवड्यांनी आली. फॉर्म रेघेसकट घेतला होता शाळेनं. आणि पोराला किनाऱ्यावरच सांगून टाकलेलं.

"रडला?"

"नाय ओ. गप बसला जरा वेळ. मग म्हणतो, मग ह्या सगळ्या शिपा कोणाच्या?"