आधी टायमिंग पट्टा, मग हत्यारांचा डबा

प्रश्न: माझ्याकडे २०१४ ची डस्टर डिझेल आहे, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. वर्षाला नऊ हजार किलोमीटर गाडी चालते. सर्व्हिसिंगला दरवर्षी बारा हजार जातात, ते घरी काम केलं तर वाचतील. आता टायमिंग पट्ट्याचे गॅरेजने १९,५०० सांगितलेत. पट्टा आजवर एकदाही बदललेला नाही. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे लहानपणापासून हात चालतो. यापुढे इंजिनाची सगळी कामं घरीच करावीत म्हणून ६०,५०० रुपयांच्या हत्यारांची यादी केली आहे. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते मिळतायत. पगार हातात ६२,००० येतो, घराच्या हप्त्यासकट खर्च ४५,०००, एसआयपी ६,०००, बँकेत ५२,००० आहेत. घेऊ का? (एक वाचक, नाशिक, वय ३८)

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी हत्यारांची यादी बाजूला ठेवली: पट्टा आजवर बदललेला नाही. ११ वर्षं आणि १ लाख १२ हजार किलोमीटर. टायमिंग पट्टा म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका ठेक्यात चालवणारा दातेरी पट्टा, आणि तो रबराचा आहे. गाडी उभी राहिली तरी त्याचं वय वाढतं. तुमच्या गाडीतलं इंजिन रेनोचं १.५ लिटरचं के९के, तेच जे निसानच्या टेरानोत आणि सनी डिझेलमध्ये होतं. या इंजिनात पट्टा तुटला किंवा दात सरकले की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकले की हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं आणि बिल कुठे थांबेल ते आधी कुणी सांगू शकत नाही. म्हणून पहिला निर्णय हत्यारांचा नाही. बँकेतल्या ५२,००० मधून १९,५०० काढा आणि याच महिन्यात पट्टा, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि इंजिनात थंडाव्याचं पाणी फिरवणारा वॉटर पंप एकत्र बदलून घ्या. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. तो नंतर गळला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल आणि मजुरी दुसऱ्यांदा जाईल.

तुम्ही विचाराल, हेच काम मी घरी का करू नये? यादीत ४,८०० रुपयांचा टायमिंग लॉकिंग सेट (पट्टा बदलताना इंजिन नेमक्या जागी अडवून ठेवणाऱ्या पिना) आहेच. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये मजुरी ८,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४० रुपये. सेटचे ४,८०० वजा केले की घरी केल्यास ४,६४० वाचतात. कागदावर बरं दिसतं. पण काम काय आहे ते पाहा. एक पिन कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) चाकातून हेडमध्ये घालायची, दुसरी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागात, आट्यांवर बसवून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) तिला टेकवायचा. उजवीकडचं इंजिन माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) सोडायचं, तोवर इंजिन खालून पेलून धरायचं. पुलीचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळून मग ठरलेल्या अंशांत फिरवायचा, त्यासाठी अंश मोजायचं साधन वेगळं लागतं, ते तुमच्या यादीत नाही. यातलं काहीच अशक्य नाही. वडिलांच्या हाताखाली तुम्ही यापेक्षा अवघड कामं केली असतील. पण हे काम तुम्ही पहिल्यांदाच करणार आहात, आणि पहिल्यांदा करताना दहातून एकदा दात चुकला असं जरी धरलं, आणि हेडच्या कामाला ७०,००० धरले, तरी त्या धोक्याची किंमत ७,००० रुपये होते. ४,६४० वाचवायला ७,००० चा धोका मी कुणालाही घेऊ देणार नाही. दहातून एकदा आणि ७०,००० हे दोन्ही माझे अंदाज आहेत. तुमच्या गॅरेजकडून हेडच्या कामाचा आकडा घ्या आणि गणित स्वतः मांडून बघा.

इथे विमाही मदतीला येत नाही. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेलाच असतो. गॅरेजने केलेल्या कामात दोष निघाला तर निदान भांडायला समोर कुणीतरी असतं.

शिवाय हा सेट तुम्ही किती वेळा वापराल? गाडीची नोंदणी २०२९ मध्ये १५ वर्षांची होते. त्यापुढे ती ठेवायची तर फिटनेस तपासणी, पाच हजार रुपये नोंदणी नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर आला. यंदा पट्टा बदलला की २०२९ च्या आत पुन्हा बदलायची वेळ बहुधा येणार नाही. म्हणजे एका कामासाठी ४,८०० चं हत्यार, आणि ते फक्त याच इंजिनाचं. पुढची गाडी दुसरी आली की डब्यात पडून राहणार.

उरलेल्या यादीलाही हाच प्रश्न विचारायचा: हे हत्यार या गाडीच्या उरलेल्या आयुष्यात किती वेळा हातात येईल?

त्याआधी तुमच्या बचतीच्या आकड्यात एक गफलत आहे, ती सांगतो, कारण फार लोकांची ती होते. तुम्ही वर्षाचे बारा हजार वाचतील असं धरलंय. बारा हजारांत साडेचार लिटरच्या आसपास ऑइल आहे, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आहे. ते तुम्हाला विकत घ्यावंच लागेल. तुमच्या मागच्या बिलात मजुरी ३,४०० आणि जीएसटी धरून ४,०१२ रुपये आहे. ऑइल-फिल्टर बाहेरून चौकशी करून घेतलं तर आणखी आठशे वाचतील असं धरू. म्हणजे वर्षाला ४,८००. २०२९ पर्यंत फार तर चार सर्व्हिसिंग होतील: १९,२०० रुपये. त्यासाठी ६०,५०० घालायचे का, याचं उत्तर तुम्हीच द्याल.

आता यादी एकेक करून पाहू.

१४,५०० चा २१६ नगांचा गोट्यांचा, म्हणजे सॉकेटचा डबा. असा डबा उघडल्यावर मन भरून येतं, हे मला माहीत आहे. माझ्याकडेही १०८ नगांचा आहे. वीस वर्षांत त्यातल्या नऊ-दहा गोट्याच झिजल्या, बाकीच्यांची चकाकी अजून तशीच आहे. तुमच्या डब्यात स्पार्क प्लगच्या गोट्याही आहेत. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. आणि ऑइल सोडायला जी गोष्ट लागते ती बहुधा त्या २१६ नगांत नसेल. रेनोच्या चेंबरच्या (इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भागाच्या) नटाला बाहेरून गोटी बसत नाही, त्यात ८ मिलिमीटरचा चौकोनी खळगा असतो. त्याची चावी अडीचशेच्या आसपास मिळते. ती नसताना भलतंच काही ठोकून बसवलं तर खळगा गोल होतो आणि मग नट काढायला गॅरेजच गाठावं लागतं. दुकानात जाण्यापूर्वी स्वतःच्या गाडीखाली वाकून नट पाहा आणि मग चावी घ्या.

३,२०० चा कॉम्प्रेशन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा मीटर. तुम्ही पाठवलेल्या माहितीत मीटर २० बारपर्यंतच आहे. तो पेट्रोल गाडीचा. डिझेलचं कॉम्प्रेशन त्याच्या वर जातं. हा रद्द करा.

७,००० चा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) आणि ग्लो प्लग (गार इंजिन सुरू करताना तापणारा भाग) काढायचा सेट. कॉमन रेल डिझेलच्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो. सुईएवढ्या फटीतून सुटलेली धार कातडीतून आत शिरते आणि जखम बाहेरून दिसते त्यापेक्षा खूप खोल असते. हे काम घरी नको. आणि तुमच्या नाशकात सातपूरला बॉशचा इंजेक्टर-नोझलचा कारखाना आहे, या कामाची माहीतगार माणसं तिथे शोधली तर सापडतात.

१८,००० चा स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र. तुमचं गॅरेज एका स्कॅनचे सहाशे घेतं, म्हणजे हा स्कॅनर तीस स्कॅनचा झाला. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की कोड वाचायला बाराशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइल पुरे. ते सगळं सांगत नाही, पण गॅरेजात जाण्याआधी निदान अंदाज येतो, आणि नको तो पार्ट बदलला जाण्याचं टळतं. मला विचाराल तर सगळ्यात लवकर पैसे फेडणारं हे ब्लूटूथ यंत्रच आहे.

६,५०० चा टॉर्क रेंच मात्र घ्याच. फिटरच्या मुलाला हाताचा अंदाज असतो, पण चेंबरच्या नटाचे आटे गेले की नुकसान चेंबरचं होतं. घेताना त्याची मर्यादा बघा: तुमच्या कामाचा आकडा पट्टीच्या अगदी तळाशी येत असेल तर तो रेंच तुमच्या कामाचा नाही. त्याने नट सैल करायचा नाही. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायची.

६,५०० चा ट्रॉली जॅक यादीत आहे, पण घोड्या (उचललेली गाडी खालून पेलणारे लोखंडी स्टँड) नाहीत. हे वाचून मला काळजी वाटली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅकमधला एक सील गेला की गाडी खाली येते. घोड्यांची जोडी अडीच हजारांची. जॅक घ्यायचा तर त्याच दिवशी घोड्या घ्यायच्या, नाहीतर जॅकही नको. डस्टर जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंच असल्याने आधी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर ठेवून, चाकांना ठोकळे लावून, इंजिन थंड असताना हात नटापर्यंत पोचतो का ते बघा. पोचत असेल तर जॅक-घोड्यांचे नऊ हजार सध्या लांबणीवर टाका.

मग पहिल्या टप्प्यात काय उरतं? ८ मिलिमीटरची चावी २५०, तुमच्या फिल्टरच्या मापाचा रेंच ४००, लागतील तेवढ्याच सुट्या गोट्या, रॅचेट आणि रिंग पाने मिळून ३,५००, टॉर्क रेंच ६,५००, ऑइलचं भांडं ५००, चष्मा आणि हातमोजे ४००, ब्लूटूथ यंत्र १,२००. एकूण १२,७५०. चार सर्व्हिसिंगमध्ये वाचणाऱ्या १९,२०० शी ताडून पाहा, पैसे फिटतात आणि हत्यारं पुढच्या गाडीलाही राहतात. सुटी हत्यारं घेताना टपारियासारखी देशी हत्यारं चांगली टिकतात. तो कारखानाही तुमच्याच सातपूरला आहे. मुंबईला जाणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटवर भाव विचारून या.

वडिलांची पेटी घरात आहे का? असेल तर ती आधी उघडा. एसटीच्या फिटरच्या पेटीत रिंग पाने असतातच, आणि मग ३,५०० मधले निम्मे वाचतील.

आता हप्त्यांबद्दल. ६०,५०० चे १२ भाग म्हणजे महिन्याला ५,०४२. "बिनव्याजी" म्हणतात तेव्हा बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट देतो म्हणून ते दिसत नाही. १५ टक्के दर धरला तर त्यात साडेचार हजारांच्या थोडं वर व्याज आहे, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आठशेच्या वर रुपये, तुमच्याकडूनच घेतला जातो. वर प्रक्रिया शुल्क. रोख देणाऱ्याला मिळू शकणारी सूट बुडते ती वेगळीच. पण मला याहून जास्त खुपतं ते हे, की तुमच्याकडे जेमतेम सव्वा महिन्याच्या खर्चाइतकी शिल्लक आहे आणि त्यावर तुम्ही वर्षभराचा बोजा घेताय.

तुमचा हिशेब असा बसतो. खर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला ११,००० उरतात. पट्ट्याला काढलेले १९,५०० दोन महिन्यांत परत भरा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पहिल्या टप्प्याची हत्यारं रोखीने घ्या. पाचव्या महिन्यापासून ११,००० पैकी २,००० गाडीच्या नावाने आवर्ती ठेवीत आणि बाकीचे आणीबाणीच्या रकमेत, तीन महिन्यांचा खर्च म्हणजे १,३५,००० होईपर्यंत. एसआयपी थांबवू नका.

एक गोष्ट मनापासून. तुमच्या पत्रात पैशांपेक्षा हौस जास्त दिसते, आणि रविवारी सकाळी बोनेट उघडून उभं राहण्यात काय सुख असतं ते मला कळतं. त्यावर खर्च करायला माझी हरकत नाही. फक्त तो खर्च घरच्या हिशेबात हौसेच्या खात्यात लिहा, बचतीच्या नाही. शिल्लक तीन महिन्यांवर गेली की जॅक आणि घोड्याही घ्या, आणि तेव्हा घरच्यांना स्पष्ट सांगून घ्या.

जळकं ऑइल गटारात किंवा सोसायटीच्या मागे ओतू नका. डब्यात भरून तुमच्या गॅरेजवाल्याला नेऊन द्या.

पट्ट्याच्या कामाच्या दिवशी शक्य असेल तर रजा काढा आणि शेजारी उभं राहू देण्याची गॅरेजला विनंती करा. पिना कुठे बसतात, माउंटिंग कसं सोडतात ते पाहा. जुना पट्टा, टेन्शनर आणि पंप मागून घ्या. बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या, आणि तीच तारीख बोनेटच्या आत चिकटवून ठेवा.