पन्नास वर्षांपूर्वीची कमी खर्चातली विज्ञानकथा मालिका आज डिस्कवर पाहावी का? कुठून सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय की जुनी 'डॉक्टर हू' आज डिस्क विकत घेऊन पाहण्यासारखी आहे का, की पुठ्ठ्याचं नेपथ्य आणि रबरी राक्षस पाहून नुसतं हसू येईल. आणि पाहायचीच तर कोणती कथा आधी पाहावी.

पाहाच. आणि सुरुवात 'द आर्क इन स्पेस'पासून करा. चार भाग, प्रत्येक साधारण पंचवीस मिनिटांचा. 25 जानेवारी ते 15 फेब्रुवारी 1975 या काळात दर शनिवारी संध्याकाळी हे भाग बीबीसीवर लागले होते. मी ही कथा नुकतीच पुन्हा पाहिली आणि दुसऱ्या भागाच्या शेवटाला पुन्हा एकदा पोटात खड्डा पडला, म्हणून सविस्तर लिहितोय.

कथा अशी. काळ हजारो वर्षं पुढचा. सूर्यावरच्या ज्वाळांनी पृथ्वी होरपळणार म्हणून निवडक माणसांना गाढ झोपवून 'नर्व्हा' नावाच्या अंतराळस्थानकात ठेवलेलं आहे. पृथ्वी पुन्हा राहण्याजोगी झाली की त्यांना जागं करायचं होतं. ती वेळ कधीच टळून गेलीय आणि कुणीच उठलेलं नाही. काळातून प्रवास करणारा मालिकेचा नायक डॉक्टर आणि त्याचे सोबती सेरा आणि हॅरी तिथं पोचतात तेव्हा स्थानकात धड हवासुद्धा नाही. आणि त्यांच्या आधी आत कुणीतरी शिरून गेलंय. 'विर्न' नावाचा हा प्रचंड कीटक माणसाच्या शरीरात अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या माणसाचं मांसच नाही, त्याला ठाऊक असलेलं सगळं गिळतात. 'एलियन' आठवला असेल तर सांगतो, तो चित्रपट 1979 चा, म्हणजे या कथेनंतर चार वर्षांनी आलेला.

आता पैशांचं बघू. सगळी कथा स्टुडिओत घडते, बाहेर एकही चित्रीकरण नाही. त्याच वर्षीच्या 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' या कथेची घटना मुद्दाम याच स्थानकावर, दुसऱ्या काळात ठेवली, म्हणजे एका नेपथ्याच्या खर्चात दोन कथा निघाल्या. रॉजर मरी-लीच यांनी ते नेपथ्य केलं आणि ते अजिबात ओशाळवाणं दिसत नाही. झोपलेल्या माणसांचे कप्पे एकावर एक रचलेलं ते पांढरंशुभ्र दालन पहिल्यांदा समोर येतं तेव्हा तुम्हीही क्षणभर वर बघत राहाल. पहिल्या भागात पडद्यावर बोलणारी माणसं तीनच. नटांचे पैसे वाचले असतील, पण त्या रिकामपणामुळेच भीती भिनत जाते. एका खोलीत हलणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर आपोआप विजेचा मारा करणारं यंत्र आहे. डॉक्टर आणि हॅरी टेबलाखाली दबून ते टेबल इंचाइंचानं सरकवत नेतात. एक टेबल, दोन नट आणि एक चमकणारा दिवा. तेवढ्यावर तो प्रसंग किती तरी वेळ धरून ठेवतो.

आपण नाटक पाहणारी माणसं आहोत. रंगमंचावरचा रंगवलेला वाडा आपण वाडा म्हणून मानतो, कारण समोरचा नट तो मानत असतो. ही मालिका तशीच बघावी लागते, आणि हे मी ओढूनताणून म्हणत नाही. तेव्हा बीबीसीत ती खरोखर नाटकासारखीच बसवली जायची. आधी तालमी, मग स्टुडिओत अनेक कॅमेरे लावून मोजक्या दिवसांत व्हिडिओ टेपवर चित्रण. म्हणून चित्र जुन्या दूरदर्शन नाटकांसारखं लख्ख आणि सपाट दिसतं. पहिली दहा मिनिटं डोळ्यांना खटकेल, नंतर विसरून जाल.

आता त्या दुसऱ्या भागाच्या शेवटाबद्दल. स्थानकाचा प्रमुख नोआ (नट केंटन मूर) याला विर्नच्या अळीचा स्पर्श झालाय. तो एक हात खिशात दडवून फिरतो. शेवटी तो हात बाहेर काढतो. हिरवा, फोड आल्यासारखा, माणसाचा न राहिलेला. तो हात म्हणजे हिरवा रंग दिलेलं बबल रॅप आहे, पार्सलमध्ये गुंडाळतात ते. तेव्हा ते ब्रिटनमधल्या घरोघरी पोचलं नव्हतं. आज आपल्याला लगेच ओळखू येतं. पण त्याच क्षणी मागं काय ऐकू येतं ते ऐका. झोपलेल्या माणसांना जाग आल्यावर ऐकवण्यासाठी पृथ्वीच्या तेव्हाच्या सर्वोच्च मंत्रीबाईंनी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला संदेश चालू आहे. मानवजातीची सगळी आशा तुमच्यावर आहे, अशा अर्थाचा. आणि ज्याच्यावर ती आशा ठेवली तो माणूस स्वतःच्या हाताकडे बघत माणूसपणातून निसटत चाललाय. केंटन मूर त्या हाताकडे ज्या नजरेनं बघतो, त्यापुढं बबल रॅप दिसेनासं होतं. मला तरी होतं.

त्याची जोडीदार वीरा (वेंडी विल्यम्स). या दोघांचं पुढं लग्न ठरलेलं असावं तसं नातं आहे, पण त्यांच्या जगात भावना दाखवायची रीत नाही, सगळं बोलणं कोरडं आणि शिस्तीचं. म्हणूनच तो बदलत जातो तेव्हा तिचा आवाज किंचित कापतो, तेवढ्यानंही गलबलून येतं. आपल्याला मारून टाक अशी नोआ वीराला विनवणी करतो, असा एक प्रसंग चित्रित झाला होता. फार भयंकर वाटेल म्हणून निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांनी तो कापला. मुलंही बघायची ही मालिका, त्यामुळे त्यांचा निर्णय मला पटतो; उरलेल्यातही पुरेसं आहे. शेवट सांगत नाही. नोआचे अगदी शेवटचे शब्द मात्र निसटू देऊ नका.

हिंचक्लिफ यांची निर्माता म्हणून ही पहिली कथा आणि टॉम बेकर यांची डॉक्टर म्हणून दुसरी. जॉन लुकारोटी यांची मूळ संहिता जमली नाही म्हणून संहिता-संपादक रॉबर्ट होम्स यांनी ती स्वतः नव्यानं लिहून काढली. घाईत लिहिलेलं असूनही पहिल्या भागात डॉक्टरचं एक स्वगत आहे, ते मला पाठ झालंय. झोपलेल्या माणसांच्या रांगांसमोर उभा राहून तो म्हणतो की ही जात पूर, दुष्काळ, युद्धं सगळ्यांतून तरली आणि आता ताऱ्यांमध्ये येऊन ठेपलीय. बेकर ते मनापासून बोलतात, डोळ्यांत खरं कौतुक घेऊन. अख्ख्या कथेला तोलून धरायला तेवढं पुरतं.

उणिवा आहेतच. चौथ्या भागात पूर्ण वाढलेले विर्न समोर येतात तेव्हा ते ताठ आणि अवजड दिसतात, पायांची हालचाल जवळजवळ नाही. दिग्दर्शक रॉडनी बेनेट यांनी ते कमी वेळ दाखवले असते तर बरं झालं असतं. आणि हॅरी सेराशी ज्या वडीलकीच्या सुरात बोलतो तो आज टोचतो. पण एलिझाबेथ स्लेडनची सेरा त्याला तिथल्या तिथं उत्तर देते, आणि अरुंद नळीतून केबल ओढत सरपटत जाण्याचं सर्वात अवघड काम शेवटी तीच करते.

कोणती प्रत घ्यावी? सुरुवातीच्या व्हीएचएस कॅसेटवर चारही भाग एकसलग जोडलेले होते, ती कुठं जुन्या बाजारात दिसली तर सोडा. भागांचे शेवट हाच या कथेचा श्वास आहे. 2002 ची डीव्हीडी चांगली, तिच्यावर बेकर, स्लेडन आणि हिंचक्लिफ एकत्र बसून गप्पा मारत कथा बघतात. 2013 मध्ये तिची नवी आवृत्ती आली, आणि 2018 मध्ये मालिकेच्या बाराव्या पर्वाचा, म्हणजे ही कथा ज्यात आहे त्याचा, ब्लू-रे संच. डिस्कवर अंतराळातली जुनी मॉडेलची दृश्यं बदलून संगणकावर केलेली नवी दृश्यं लावायची सोय आहे. पहिल्यांदा बघताना ती बंद ठेवा. नवं स्थानक जास्त सफाईदार आहे, पण ते बाकीच्या चित्रात बसत नाही, आणि त्या लोकांनी हातानं काय केलं हे बघणं हाच तर तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

भारतातून मागवत असाल तर एक लक्षात ठेवा: डीव्हीडीवर त्या-त्या भागातल्या प्लेअरवरच चालण्यासाठी रीजन ठरवलेला असतो. ब्रिटिश डीव्हीडी रीजन 2 च्या असतात, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे. सगळे रीजन चालवणारा प्लेअर आहे ना याची आधी खात्री करा, नाहीतर डिस्क येऊन पडून राहील. इंग्रजी सबटायटल्स आहेत, ती सुरू ठेवा. बेकर भराभर बोलतात.

आणि चारही भाग एका बैठकीत संपवू नका. रोज रात्री एक. तेव्हा लोकांना आठवडाभर थांबावं लागायचं, आपण निदान एक रात्र थांबावं. या मालिकेचे 1960 च्या दशकातले कित्येक भाग टेप पुसून पुन्हा वापरल्यामुळे नाहीसे झाले; ही कथा मात्र रंगीत, पूर्ण, मूळ टेपवर टिकली.

आवडली तर पुढं त्याच पर्वातली, टेरी नेशन यांनी लिहिलेली 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' बघा. ती सहा भागांची आहे आणि खूप जास्त काळोखी. पण आधी ही.