आजी म्हणते "मी भरून पावली", तेच लिहायचं की कृतकृत्य?

प्रश्न आपल्या नागपूरच्याच एका ताईंचा आहे. त्यांच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात धरमपेठेत एका हॉलमध्ये आहे, सगळे नातेवाईक येऊन राहिले आहेत, आणि शेवटी आजी दोन शब्द बोलणार आहे. ते दोन शब्द ताई लिहून घेताहेत. आजीनं पहिलंच वाक्य सांगितलं, "या जन्मात मी भरून पावली." त्यावर पुण्याच्या मावशी म्हणाल्या की 'पावली' चूक, 'पावले' लिही, आणि मामा म्हणाले की भरून पावलो हे तर माणूस वैतागला की म्हणतो, समारंभात बरं दिसत नाही, त्यापेक्षा 'कृतकृत्य झाले' लिही. तर यातलं बरोबर कोण, असं ताईंनी विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, आजी जे बोलली तेच लिहा. आता का ते सांगतो, जरा लांबेल, कारण हा शब्द माझ्या फार जवळचा आहे. माझी सगळी नोकरीची वर्षं म्हणा किंवा धंद्याची म्हणा, सिव्हिल लाइन्समध्ये दस्त लिहिण्यात गेली, खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं, आणि 'भरून पावलो' हे शब्द मुळात तिथले आहेत.

खरेदीखतात एक भरण्याचा, म्हणजे पैसे चुकते केल्याचा, भाग असतो. जमीन विकणारा म्हणजे लिहून देणार, घेणारा म्हणजे लिहून घेणार. किंमत ठरली, इसारा म्हणजे आगाऊ रक्कम इतकी दिली, बाकी रक्कम आज रोजी दिली, असा सगळा तपशील येतो आणि मग शेवटी ओळ येते की येणेप्रमाणे सर्व रक्कम भरून पावली, त्याबद्दल माझी काही एक तक्रार राहिली नाही. ही ओळ लिहून देणाराची असते, ज्याच्या हातात पैसे आले त्याची. पावती हा शब्दसुद्धा याच पावणे मधून आलेला आहे, आणि पावणे म्हणजे मिळणे, पोचणे, संस्कृतातल्या प्राप् धातूपासून प्राकृतातून घासत घासत आलेलं रूप. पुढचं 'भरून' म्हणजे पुरेपूर, माप भरून, एक पैसा बाकी न ठेवता. आपण नुकसानभरपाई म्हणतो त्यातली भरपाईसुद्धा याच घरातली.

म्हणजे भरून पावलो या दोन शब्दांत किती गोष्टी आल्या बघा. मला मिळालं. पूर्ण मिळालं. माझं आता कुणाकडे येणं नाही, तक्रार नाही. आणि हे मी स्वतः सही करून सांगतो आहे, कुणी माझ्या वतीनं नाही. ऐंशी पार केलेल्या माणसानं आयुष्याबद्दल याच्यापेक्षा जास्त काय म्हणायचं, मला तर सुचत नाही.

मागे एकदा काटोलकडचे एक म्हातारे शेतकरी आले होते, संत्र्याची बाग होती, मुलं शहरात, करणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून वावर विकलं. मी दस्त वाचून दाखवत होतो, 'भरून पावली' पर्यंत आलो तर त्यांनी मला हातानंच थांबवलं आणि म्हणाले, "पैशे त आज पावले बाप्पा, पण या वावराकडून मी त कवाचाच भरून पावलो." मुलांची शिक्षणं, पोरींची लग्नं, बायकोचं ऑपरेशन, सगळं त्या वावरानं केलं होतं असं ते सांगत गेले, लिहून घेणारा तरुण मुलगा होता तोही ऐकत बसला. त्यांना कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं पण दस्तातला शब्द उचलून त्यांनी तो अगदी बरोबर ठिकाणी नेऊन ठेवला. आजीनं तेच केलंय.

आता मामांचा मुद्दा. तो खोटा नाहीये. "तुझ्याशी लग्न करून भरून पावले मी!" हे वाक्य कुणाच्या घरात ऐकू आलं नसेल? "या गाडीपायी भरून पावलो" हेही म्हणतोच आपण. पण हा दुसरा अर्थ बाहेरून येऊन चिकटलेला नाही, त्याच पावतीतून निघालाय. पावती फाडली म्हणजे व्यवहार संपला, आता तुझ्याकडून आणखी काही नको. समाधानानं म्हटलं तर 'काही नको, सगळं मिळालं', रागानं म्हटलं तर 'काही नको, पुरे झालं तुझं'. शब्द तोच, आवाज वेगळा. आणि वाक्यात आजूबाजूला काय आहे त्यावरूनही लगेच कळतं, रागाच्या वाक्यात बहुतेक वेळा 'तुझ्यापायी', 'एकदाची', 'बाई' असलं काहीतरी येतंच. 'या जन्मात मी भरून पावली' हे वाक्य भरल्या हॉलमध्ये, नातवंडं-पतवंडं समोर बसलेली असताना आजीच्या तोंडून आलं तर त्याचा उलटा अर्थ घेणारा एकही माणूस तिथे सापडणार नाही. शिवाय मराठी कानाला 'भरून' म्हटलं की ऊर भरून येणं, डोळे भरून पाहणं हेही सोबत ऐकू येतं, त्याचा इथे फायदाच आहे.

मग कृतकृत्य काऊन नको? शब्द सुंदर आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तो काय सांगतो ते बघा. कृत म्हणजे केलेलं, कृत्य म्हणजे करायचं ते. जे करायचं होतं ते ज्यानं करून टाकलं तो कृतकृत्य. कृतार्थ म्हणजे ज्याचा अर्थ, म्हणजे हेतू, साधला तो. दोन्ही शब्दांची नजर आपल्या स्वतःच्या हातून काय झालं याच्यावर आहे. म्हणून एखाद्यानं शाळा उभी केली, ग्रंथ पूर्ण केला, तर त्याला कृतकृत्य वाटलं हे शोभतं. त्याच कृत पासून तिसरा शब्द निघतो कृतज्ञ, म्हणजे दुसऱ्यानं आपल्यासाठी केलेलं जो जाणतो तो. आजीला काय म्हणायचंय? मी किती केलं हे तिला म्हणायचं नाहीये, मला किती मिळालं हे म्हणायचंय. म्हणजे तिचं मन कृतज्ञ कडे आहे आणि मामा तिला कृतकृत्य कडे नेऊन राहिले आहेत. सत्काराला बोलणारा पाहुणा आजीला 'कृतार्थ जीवन' म्हणू शकतो, त्यानं म्हणावंही, पण आपल्याच तोंडानं 'मी कृतकृत्य' म्हणण्यात थोडा मोठेपणा येतो, निदान मला तरी जाणवतो. (आणि लिहायचंच झालं कुठे तर कृतकृत्य लिहा, 'कृत्यकृत्य' असं बरेच जण टाइप करतात ते चूक आहे.)

बाकीचे शब्दही लोक सुचवतील. 'आयुष्याचं सार्थक झालं' चांगलं आहे पण इतकं वापरलं गेलंय की ऐकताना कान पुढे जातो. 'कष्टाचं चीज झालं' यात कष्ट आधी येतात. 'डोळ्यांचं पारणं फिटलं' हे एखादी गोष्ट बघण्याची फार वाट पाहिली आणि ती दिसली की म्हणायचं, पारणं म्हणजे उपास सोडणं, तेव्हा पणतू झाला आणि आजीवर सोन्याची फुलं उधळली त्या दिवसाला ते शोभेल, अख्ख्या जन्माला नाही. 'पोरांनी पांग फेडले' हे फार गोड आहे, आईबापच म्हणू शकतात, आणि आजीला मुलांबद्दल वेगळं वाक्य हवं असेल तर हेच द्या. सत्काराच्या भाषणात 'आयुष्याचा ताळेबंद' हमखास येतो तो मात्र टाळा, ताळेबंदात दोन बाजू जुळतात एवढंच कळतं, मन भरल्याचं त्यात काही नाही.

गंमत बघा, फेडणं, फिटणं, चुकतं करणं, उतराई होणं, पावणं, मराठीत उपकाराची सगळी भाषा देण्याघेण्याची आहे. काही लोकांना हे व्यवहारी वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही. ज्या समाजात कर्ज ही रोजची धास्ती होती त्याला 'काही बाकी नाही' याच्यासारखं सुख दुसरं नसणार. तुकोबांचा तो अभंग सगळ्यांना माहीत आहे, याजसाठीं केला होता अट्टाहास, शेवटचा दिस गोड व्हावा. पण लोक तिथेच थांबतात, पुढे वाचा. आतां निश्चिंतीनें पावलों विसांवा. इथेही पावलों च आहे. आणि त्याच्या पुढे, कवतिक वाटे जालिया वेचाचें. वेच म्हणजे खर्च, अमुक कामात आयुष्य वेचलं म्हणतो त्यातला वेच. जो खर्च झाला त्याचं कौतुक वाटतं! हा माणूस वाण्याचा, घरात सावकारी होती, आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यानं इंद्रायणीत सोडून दिली असं परंपरा सांगते. त्याला हिशोब कळत होता. आयुष्य संपत आलं की माणूस बहुतेक काय राहिलं त्याकडे बघतो, तुकोबा किती खर्च झालं त्याकडे बघून खूश होतात. मी ही ओळ वाचली की अजूनही थोडा वेळ पुढचं वाचू शकत नाही.

बरं, आता मावशींचा मुद्दा, पावली की पावले. आधी हे लक्षात घ्या की पावणे हे क्रियापद मजेशीर आहे. 'मी भाकरी खाल्ली' मध्ये खाल्ली हे भाकरीप्रमाणे चालतं, पुरुष बोलो की बाई. पण मी पाणी प्यालो, मी धडा शिकलो, मी विसावा पावलो, इथे रूप बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, म्हणून पुरुष 'भरून पावलो' आणि बाई प्रमाण मराठीत 'भरून पावले'. दस्तात 'रक्कम भरून पावली' असतं तिथली पावली ही रक्कम आहे, आणि 'रुपये भरून पावले' मध्ये पावले हे रुपये आहेत, त्याचा या वादाशी संबंध नाही.

आजीचं 'पावली' मात्र वेगळ्या वाटेनं आलंय. आपल्याकडे नागपूर-विदर्भात बायका मी गेली, मी आली, मी जेवली असंच म्हणतात. 'ती गेली' तशी 'मी गेली'. हे आजीचं चुकलं असं म्हणणं मला पटत नाही, ते तिच्या भाषेचं रूप आहे, तिच्या आईचं होतं, इथल्या लाखो बायकांचं आहे, आणि नियमात एकदम पक्कं आहे, कुठेही डळमळत नाही. प्रमाण भाषेत 'पावले' हे मावशींचं म्हणणंही बरोबर. म्हणून असं करा, आजी स्वतः माईकवर बोलणार आहे तिथे 'पावली' राहू द्या, एक अक्षर बदलू नका, नाहीतर ती ऐन वेळी अडखळेल आणि वाक्य दुसऱ्याचं वाटेल. छापील पत्रिकेत आजीच्या नावानं मजकूर असेल तर तिथे 'पावले' घाला, मावशींचंही मन राहील.

शब्दांची आवड असणाऱ्यांसाठी मध्येच एक सांगून ठेवतो. टेकडीचा गणपती नवसाला पावला त्यातलं पावणे आणि आजीचं पावणे एकच. पण पावणेदोन मधलं पावणे वेगळं, ते पादोन, म्हणजे पाव कमी. आपण 'घरी पावने आले' म्हणतो ते पाहुणे. आणि पतितपावन मधलं पावन हे शुद्ध करणारं, त्याचा धातू पू. चारही एकसारखे दिसतात म्हणून लोक फार गोंधळ करतात.

एक विनंती मात्र आजीच्या भाषणासाठी. पावतीत नुसतं भरून पावलो लिहून चालत नाही, कुणाकडून ते लिहावं लागतं, 'यांचेकडून' हा शब्द त्यात येतोच. तर आजीला विचारा, कुणाकडून. सासूकडून काय मिळालं, नवऱ्याकडून, शेजारणीकडून, ज्या डॉक्टरांनी रात्री दार उघडलं त्यांच्याकडून, ज्या बाईनं घरकामाला येऊन तिची बाळंतपणं निभावली तिच्याकडून. नावं सांगू द्या तिला, जी माणसं आता नाहीत त्यांचीही, वेळ लागला तर लागू द्या, जेवण पंधरा मिनिटं उशिरा झालं तर काही बिघडत नाही. म्हणजे वाक्य साधारण असं होईल, "माझ्या सासूबाईंकडून, तुमच्या आबांकडून, लेकींकडून, सुनांकडून, आणि त्या सगळ्यांकडून ज्यांची नावं मी आत्ता घेतली, या जन्मात मी भरून पावली, माझी काही तक्रार नाही." शेवटचं 'माझी काही तक्रार नाही' आवर्जून ठेवा, ते दोन्ही वाक्यं दस्तात जोडीनंच येतात आणि बोलायलाही जोडीनंच छान लागतात.

आणि पत्रिका छापायला देताय तर हे बघून घ्या. शब्द 'सहस्र' आहे, स ला र जोडलेला, 'सहस्त्र' नाही. मध्ये त नाही. पत्रिकांवर, बॅनरवर सगळीकडे तो त घुसलेला दिसतो. कुणी विचारलं की हजार पौर्णिमा एक्याऐंशीत कशा होतात, वर्षाला १२ धरल्या तर ८३ वर्षं ४ महिने लागतील, तर सांगा की दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्याची पौर्णिमा जास्तीची मिळते, पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडी जास्त असते, त्या हिशोबानं हजार पौर्णिमा ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास भरतात. प्रेसवाल्याकडून आधी प्रूफ मागवा, आणि त्या एका अक्षरासाठी ते स्वतः वाचा.