उत्तर: दिल्लीत गाडी बदलताना आई-बाबांना लाउंजमध्ये बसवता येईल का?

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वैष्णोदेवीच्या कटऱ्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी नवी दिल्ली, दुपारी निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस धरून पुणे, मधले सहा-सात तास, सोबत गुडघ्याची वाटी बदललेले बाबा आणि आई, आणि तुमच्या पर्समध्ये 'रेल्वे लाउंज फ्री' असं लिहून आलेलं कार्ड. हाच उद्योग मी २०२३ च्या मे महिन्यात केलाय, फक्त स्टेशन वेगळं होतं आणि गुडघा आमच्या अण्णांचा होता. चांगला तोंडावर आपटलो. म्हणून लांबलचक लिहितोय, वेळ नसेल तर रिटायरिंग रूमचं (स्टेशनातच भाड्याने मिळणारी पलंगाची खोली) खाली लिहिलंय तेवढं वाचा.

आधीच सांगतो, मी रेल्वेत नाही, बँकेत नाही, आणि कार्डांचे नियम दर दोन-चार महिन्यांनी बदलतात, त्यामुळे आकडे एकदा स्वतः तपासा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

एक गोष्ट तुमच्या पोस्टखाली अजून कुणीच कशी लिहिली नाही कळत नाही. तुमची पहिली गाडी नवी दिल्लीला येणार आणि दुसरी हजरत निजामुद्दीनहून सुटणार. दोन स्टेशनं वेगळी, मध्ये सात-आठ किलोमीटर. म्हणजे तुमच्या त्या सहा-सात तासांतून सामान उतरवणं, बाबांना पूल चढवणं-उतरवणं, टॅक्सीवाल्याशी घासाघीस आणि दिल्लीचं ट्रॅफिक वजा करा. शिवाय उत्तरेकडची गाडी दीड तास लेट झाली तर लाउंजचा विषयच मिटला. पहिला प्रश्न थांबायचं नवी दिल्लीला की निजामुद्दीनला हा आहे, आणि त्याचं उत्तर कार्ड देणार नाही, तिकीट देईल.

आता कार्डाचं. लोक लाउंजला वेटिंग रूमचा मोठा भाऊ समजतात, पण वेटिंग रूममध्ये तुम्ही तिकिटाच्या जोरावर बसता, लाउंजमध्ये कार्ड कंपनी, बँक आणि तो लाउंज चालवणारा ठेकेदार या तिघांत जे काय ठरलंय त्याच्या जोरावर. दारातल्या पोराला तुमचं तिकीटही लागतं आणि मशीनमधून निघणारी चिठ्ठीही. रुपे कार्ड असेल तर दोन रुपये स्वाइप होतात, ते परत येत नाहीत, तेवढ्यावर आत सोडतात. उदाहरण म्हणून आयआरसीटीसी आणि स्टेट बँकेचं जे प्रीमियर कार्ड आहे (मी ज्याने फसलो ते हे नव्हे, गैरसमज नको) त्यावर वर्षाला आठ वेळा लाउंज मिळतं, पण एका तिमाहीत दोनदाच. त्याच्या धाकट्या प्लॅटिनम कार्डावर वर्षाला चार आणि तिमाहीला एक. आता तुम्ही तिघं. समजा त्या पोराने दया दाखवून एकाच कार्डावर तिघांचं स्वाइप करायचं ठरवलं तरी तिसऱ्या वेळी मशीन नाहीच म्हणणार. जाहिरातीत 'आठ' हा आकडा ठळक असतो, तिमाहीचं बारीक टायपात. आणि मुळात सवलत कार्डधारकाची असते, म्हणजे तुम्ही आत सोफ्यावर आणि आई-बाबा बाहेर बाकड्यावर, अशी ती सोय. ॲड-ऑन कार्डावर (आपल्याच खात्यावर घरच्यांच्या नावाने मिळणारं जोडकार्ड) मिळतं का हे बँकेकडून ईमेलवर लिहून घ्या. ईमेलवर! का ते पुढे येतंच आहे.

माझं झालं असं. कार्ड घेऊन दोन महिने झाले होते, त्याच्यावर फक्त ऑनलाइन तिकिटं काढलेली, दुकानात कधी वापरलंच नव्हतं. निघायच्या आठ दिवस आधी शहाणपणा करून बँकेच्या कस्टमर केअरला फोन केला. वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक गोड आवाजाची बाई आली, तिला सगळं सविस्तर विचारलं, तीन माणसं आहेत, दोन सिनियर सिटिझन आहेत. ती म्हणाली, 'हो सर, कार्ड ॲक्टिव्ह आहे, नुसतं दाखवायचं, स्वाइप लागत नाही, फॅमिली अलाउड आहे.' मी खूश. इतका खूश की आदल्या रात्री त्याच स्टेशनची रिटायरिंग रूम, एसी, दोन बेडची, साइटवर दिसत होती, आई म्हणाली घेऊन टाक, आणि मीच म्हणालो, 'अगं फुकट लाउंज असताना कशाला पैसे घालवायचे?' हे वाक्य आमच्या घरात अजून माझ्या नावाने सांगितलं जातं. दिवाळीत तर हमखास.

सकाळी उतरलो. लाउंज नेमकं समोरच्या टोकाला, लिफ्ट बंद, अण्णा एकेक पायरी धरून. दारात पोचलो तर पोरगा म्हणतो, 'सर, कार्ड डालिए, पिन डालिए.' पिन? मी पिन कधी बनवलाच नव्हता! मग काय, डेबिट कार्डाचा पिन घातला, चुकला. बायकोच्या वाढदिवसाचा घातला, चुकला. तिसऱ्यांदा काय घातला ते आता आठवतही नाही, पण तिसऱ्यांदा चुकल्यावर कार्ड ब्लॉक. नवा पिन काढायला ओटीपी लागतो, ओटीपी जाणार रजिस्टर केलेल्या नंबरवर, आणि तो नंबर ज्या सिमचा ते सिम जळगावला कपाटातल्या जुन्या फोनमध्ये. मागे रांग लागलेली, अण्णा भिंतीला टेकून उभे, आई माझ्याकडे बघत नव्हती. बघत नव्हती म्हणजे समजा.

कस्टमर केअरला तिथूनच फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा. शेवटी जो माणूस आला तो म्हणाला, विनंती नोंदवलीय, चोवीस तासांत होईल. अहो, माझी गाडी सहा तासांत आहे. 'सर, आमच्या सिस्टममध्ये चोवीस तासच दाखवतंय.' बरं, आणि फॅमिलीचं? 'सर, ही सुविधा फक्त प्रायमरी कार्डहोल्डरसाठी आहे.' मग आठ दिवसांपूर्वी ती बाई काय म्हणाली? 'सर, असं कुणी सांगणार नाही.'

रिटायरिंग रूम तोवर गेलेली. शेवटी रोख पैसे भरून तिघं आत बसलो. तिथं पहिल्या दोन तासांचा एक दर आणि पुढच्या प्रत्येक तासाचा वेगळा, मी दोन तासांचे भरले, म्हटलं मग अण्णांना जरा बरं वाटलं की वेटिंग रूममध्ये जाऊ. पण थकून त्यांना डोळा लागला, उठवावंसं वाटेना, वीस मिनिटं वर झाली आणि निघताना अख्ख्या पुढच्या तासाचे तिघांचे घेतले. एकूण साडेनऊशेच्या आसपास गेले. पैशांचं सोडा. अण्णा सव्वादोन-अडीच तास पाय लोंबकळत ठेवून सोफ्यावर होते, कारण लाउंजमध्ये आडवं होऊ देत नाहीत, कुणी आडवं झालं की तो पोरगा येऊन खांद्याला हात लावतो. घरी येईपर्यंत गुडघा हा एवढा सुजला. फिजिओथेरपीवाल्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतर बँकेशी तीन महिने भांडलो. तक्रार केली की चार दिवसांनी एसएमएस येणार, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' कसलं निराकरण, कुणाला विचारून? परत उघडायची, परत तोच एसएमएस. शेवटचं उत्तर आलं की आमच्या प्रतिनिधीने अशी कुठलीही माहिती दिलेली नाही. आता फोनवर दिलेल्या शब्दाचा माझ्याकडे पुरावा काय? आणि त्यांच्याकडे म्हणे रेकॉर्डिंग असतं, 'प्रशिक्षण आणि गुणवत्तेसाठी', पण ते मागितलं की मिळत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे, फुकट आहे. मी केली नाही. साडेनऊशे रुपयांसाठी कोण करत बसणार म्हणून सोडून दिलं, आणि आपण सगळे असेच सोडून देतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. असो, माझं बीपी वाढायला लागलं.

लाउंजमध्ये पैसे भरताना दर कशाचा, किती तासांचा हे पावतीवर बघून घ्या. २०२२ साली आग्रा कँटच्या लाउंजमध्ये दोन परदेशी पाहुणे नुसते बाथरूमला गेले तर माणशी ११२ रुपये जीएसटीसकट लागले होते, पेपरात गाजलं होतं. कारण दर बाथरूमचा नव्हताच, आत पाऊल टाकण्याचा होता. आईला फक्त तोंड धुवायचंय म्हणून लाउंजमध्ये शिरू नका, एवढाच मुद्दा.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. (पटलं तर घ्या, लोकांना लाउंजचं फार कौतुक असतं, मला राहिलेलं नाही.) सरळ रिटायरिंग रूम. आयआरसीटीसीच्या साइटवर पीएनआर टाकून बुक होते, पीएनआर कन्फर्म किंवा आरएसी (म्हणजे निदान बसायला जागा मिळालेला) पाहिजे, वेटिंगवर मिळत नाही. आणि जिथून चढणार किंवा जिथे उतरणार त्याच स्टेशनची मिळते. म्हणजे तुमचं कटऱ्याचं तिकीट नवी दिल्लीसाठी चालेल आणि गोवा एक्सप्रेसचं निजामुद्दीनसाठी. मी म्हणेन निजामुद्दीनचं आधी बघा, कारण एकदा तिथे पोचलात की मग गाडी लागेपर्यंत कुठे जायचं नाही, डोक्याला ताप नाही. तिथे नसेल तर नवी दिल्ली. लवकर बघा, या खोल्या फार थोड्या असतात. बुकिंग ज्यांच्या नावावर त्यांचं ओळखपत्र ओरिजनल सोबत ठेवा, फोनमधला फोटो दाखवून वाद घालू नका, तिथले बाबू लोक वादात हरत नाहीत. खोलीत टॉवेल नीट असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण पलंग असतो. गुडघ्याच्या माणसाला पलंग लागतो, कॉफीचं मशीन नाही.

खोली नाहीच मिळाली तर एसीच्या तिकिटावर अपर क्लास वेटिंग रूम आहेच, पैसे लागत नाहीत, रजिस्टरमध्ये पीएनआर लिहायचा आणि बसायचं. गर्दी असते, पण फार वाईट नसते. आपल्याकडे सीएसएमटीला 'नमः' म्हणून एसी लाउंज झालंय तिथे तर मी तासाला दहा रुपये देऊन बसलोय आणि दोन रुपयांच्या स्वाइपपेक्षा सुखात बसलोय. सामान क्लोक रूममध्ये टाका, पण बॅगेला कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत. कुलूप घरूनच न्या, स्टेशनबाहेर तीस रुपयांचं कुलूप शंभरला मिळतं. क्लोक रूम, रिटायरिंग रूम आणि प्लॅटफॉर्मवर माणसं नेणाऱ्या बॅटरीच्या गाडीवरचा जीएसटी २०२४ च्या जुलैपासून गेलाय, कुणी लावला तर विचारा. बॅटरीवाल्या गाडीसाठी मात्र उतरल्या उतरल्या विचारा, नंतर ती सापडत नाही. काही अडलं तर १३९ वर फोन किंवा रेल मदद, निदान तिथे तक्रारीचा नंबर तरी मिळतो.

आणि तरीही कार्ड वापरून बघायचंच असेल तर आजच पिन बनवा आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दहा-वीस रुपयांचं काहीतरी घेऊन पिन टाकून बघा. ॲपमध्ये दुकानातला वापर चालू आहे का तेही बघा, बऱ्याच जणांनी फ्रॉडच्या भीतीने तो बंद करून ठेवलेला असतो आणि विसरलेले असतात. ज्या सिमवर ओटीपी येतो ते सिम खिशात. बस्स.

अजून एक, ही चूक माझी नाही, मेव्हण्याची. तुमच्यापैकी कुणाचं ऑनलाइन काढलेलं तिकीट वेटिंगवर असेल तर चार्ट (गाडीतल्या प्रवाशांची पक्की यादी) लागल्यावर ते आपोआप रद्द होतं आणि मग तुम्ही प्रवासीच उरत नाही, ना खोली ना लाउंज. २०२५ च्या जुलैत चार्ट आठ तास आधी, आणि दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा आदल्या रात्री नऊला लागायला लागला, आता तर त्याहूनही आधी लागतो. त्यामुळे सकाळी उतरून मग बघू, असं आता नाही.

(खरं तर पुणे आणि कटऱ्याजवळचं जम्मू यांच्यात थेट झेलम एक्सप्रेस आहे, दिल्लीत उतरायची भानगडच नव्हती. पण तिकिटं काढून झाल्यावर हे सांगणारे लोक मलाही आवडत नाहीत, म्हणून कंसात.)

शेवटचं, तिकिटं अजून काढली नसतील तर आई-बाबांचं वेगळं काढा, तुमचं वेगळं. सिनियरच्या लोअर बर्थचा कोटा, पुरुष साठ आणि बाई पंचेचाळीसच्या वर, एका तिकिटावर फार तर दोघांनाच असतो आणि सोबत तरुण माणूस जोडला की जातो. पण मग रिटायरिंग रूम त्यांच्या पीएनआरवर घ्यायची, तुमच्या नव्हे, आणि त्यांची आधार कार्डं तुमच्या पर्समध्ये न ठेवता बाबांच्या खिशात ठेवायची. तुम्ही टॅक्सी शोधायला गेल्यावर दारात तेच उभे असणार.