सोटो गेला, मग यांकीज सुधारले का?

बेसबॉलचा तगडा फलंदाज हुआन सोटो 2024च्या हंगामानंतर न्यूयॉर्क यांकीज सोडून मेट्स संघाकडे गेला. यांकीजचे 2024मध्ये 94 विजय होते, 2025मध्येही 94च. मग मधल्या हिवाळ्यातली खेळाडूंची खरेदी जमली की फसली?

विजयांआधी धावा मोजा. 2024मध्ये 815 केल्या, 668 दिल्या. 2025मध्ये 849 केल्या, 685 दिल्या. म्हणजे आघाडी 147वरून 164वर गेली. केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा आणि हंगामातल्या 162 सामन्यांनी गुणा. धावांवरून अपेक्षित विजय 97 आणि 98 येतात. सुधारणा जेमतेम एका विजयाची. पण सोटो गमावून एवढं हाती राहिलं, हे कमी नाही.

एवढ्या मोठ्या फलंदाजाची भरपाई झाली कशी?

त्याच्यासारखा दुसरा शोधला नाही म्हणून झाली. सोटोचे 41 होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) आणि .419 ऑन-बेस (हजार संधींत 419 वेळा बेसवर पोचणं) कोण भरून देणार? पण 2024च्या संघात दोन भगदाडं होती. डाव्या आउटफिल्डला (मैदानाच्या मागच्या भागात) व्हर्डुगोची फलंदाजीची सरासरी .233, पहिल्या बेसवर रिझोची .228, त्यातही रिझो 92च सामने खेळला. अशा जागी नुसता चांगला खेळाडू आणला तरी फरक मोठा पडतो. कब्ज संघाकडून बेलिंजर आला, 29 होमरन मारले. गोल्डश्मिट एका वर्षासाठी सव्वा कोटी डॉलरमध्ये मिळाला, सरासरी .274. मेट्सने सोटोला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी कबूल केले, त्यापुढे हे सुटे पैसे.

सगळं श्रेय मात्र हिवाळ्याला देऊ नका. ग्रिशमचे 34, चिझमचे 31 आणि राइसचे 26 होमरन ही आधीपासून घरात असलेल्यांची कमाई. (ग्रिशम सोटोबरोबरच पाद्रेस संघाकडून आला होता, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.)

फ्रीड या नव्या पिचरवर (चेंडू टाकणाऱ्यावर) 8 वर्षांसाठी 21.8 कोटी खर्चूनही दिलेल्या धावा वाढल्या. असं का?

मार्च 2025मध्ये संघाचा मुख्य पिचर कोल याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. फ्रीडचे 19 विजय आणि 2.86चा ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तितका चांगला) कोलच्या जोडीला हवे होते. ते कोलच्या जागी खर्ची पडले. खरेदी चुकली नव्हती.

मिलवॉकीकडून घेतलेल्या डेव्हिन विल्यम्स या रिलिव्हरचं (मध्येच येणाऱ्या बदली पिचरचं) काय बिनसलं?

हा सौदा आतबट्ट्याचा ठरला. 2024मध्ये त्याचा ईआरए 1.25 होता, पण जेमतेम 22 डावांवर. 2025मध्ये 62 डावांत 4.79. फलंदाज बाद करायची ताकद गेली नव्हती, 90 स्ट्राइकआउट आहेत. पण रिलिव्हरचं काम इतकं थोडं असतं की चार-पाच वाईट रात्री वर्षाचा आकडा बिघडवतात. त्यात त्याच्या कराराचं हे शेवटचंच वर्ष होतं, आणि बदल्यात पिचर कोर्टेससोबत डर्बिन हा खेळाडूही गेला. तो मिलवॉकीत तिसऱ्या बेसचा नेहमीचा खेळाडू झाला.

पुढच्या हिवाळ्यात हा हिशेब आपणच कसा करायचा?

प्रत्येक जागेसमोर गेल्या वर्षी तिथे प्रत्यक्ष कोण किती सामने खेळलं ते लिहा. गेलेल्या स्टारच्या नावाशी नव्या माणसाची तुलना करू नका. नव्या खेळाडूचं एकच चांगलं वर्ष न धरता मागची तीन वर्षं बघा. तिशी उलटलेल्याच्या अंदाजातून थोडं वजा करा, आणि पाच मुख्य पिचरपैकी निदान एक जण जखमी होणार हे धरूनच चाला. धावांच्या आलेल्या फरकाला दहाने भागा. साधारण दहा धावांमागे एक विजय पडतो.